एका ग्राउंडचे जमीनदार

वयलूरमध्ये मला पहिला पत्ता सांगितला तो नागोजीरावांनी, आणि त्या पत्त्याबरहुकूम चालत मी सरळ एका म्हशीच्या गोठ्यात जाऊन उभी राहिले.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. वसंतला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, मद्रासच्या एका कारखान्यात नोकरी लागून वर्ष झालं होतं आणि साताऱ्याहून आणलेला संसार टी. नगरच्या दोन खोल्यांत काही केल्या मावत नव्हता. कुणीतरी सांगितलं, अण्णा नगरच्या पुढे वयलूर म्हणून गाव आहे, नवी घरं होताहेत, भाडं कमी, हवा मोकळी. हवा मोकळी होती यात वादच नाही! अण्णा नगरचे आखीव रस्ते संपले की बस जी धुळीत शिरायची, ती शेवटच्या थांब्यालाच बाहेर यायची. तिथे आम्ही उतरलो आणि आता कुठे जायचं यावरून तिथल्या तिथे भांडायला लागलो. मराठीत. मद्रासमध्ये मराठीत भांडण्याचं सुख असं, की आजूबाजूच्यांना काही कळत नाही. निदान मला तसं वाटत होतं.

"भांडूं नये," मागून आवाज आला. "अस्कं सांपडतें. कोणाचें घर पाहिजे?"

मी वळून पाहिलं. कमरेच्या वर पूर्ण बाह्यांचा पांढराशुभ्र सदरा, कपाळाला गंध, खांद्याला कचेरीची पिशवी. कमरेच्या खाली गुडघ्यापर्यंत दुमडलेली पँट आणि पोटऱ्यांना चिखल. एका हेडक्लार्कला एका शेतकऱ्यावर नेऊन बसवावं, तसा माणूस. हे नागोजीराव. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या राज्याबरोबर तंजावरला आले ते तिकडेच राहिले, आणि त्यांची मराठीही तेव्हापासून तिकडेच राहिलेली. ऐकताना वाटायचं की जुनी दप्तरं उठून बोलायला लागली आहेत, फक्त सूर तमिळ. त्यांचं 'अस्कं' म्हणजे आपलं सगळं.

आम्ही घरमालकाचं नाव सांगितलं. "इथून सरळ जावें," ते म्हणाले. "चिंचेचें शेत लागेल. तें ओलांडलें कीं मुनुसामीचें खळें. खळ्यापासून डावीकडे वळावें. कोल्ह्याचें खाचर सोडावें, पुढचें खाचर तेंच तुमचें घर."

आम्ही चिंच शोधली. चिंचेच्या जागी पिठाची गिरणी. खळं शोधलं. खळ्याच्या जागी सायकलचं दुकान. कोल्हा तर नव्हताच. वळायचं तिथे वळलो नाही आणि म्हशीने आमचं स्वागत केलं. पुढे कळलं की नागोजीरावांच्या डोक्यात वयलूरचा जो नकाशा होता त्यात एकही घर नव्हतं. सगळी खाचरंच होती. पोस्टमनसुद्धा नवा आला की आठवडाभर त्यांच्यापासून लांब राहायचा.

वयलूर म्हणजे मुळात एक तळं, त्याचा बांध आणि बांधाखाली पसरलेली भातशेती. तळ्यातून पाट निघायचा आणि खाचरा-खाचरांतून फिरायचा. मग शहर जवळ आलं. मुनुसामीसारख्या शेतकऱ्यांनी एकेक तुकडा विकला, भाताच्या मधोमध चुना फासलेले दगड पुरले गेले, आणि एक दिवस सगळ्या शेताला 'नगर' म्हणायला सुरुवात झाली. तिथे जमीन ग्राउंडमध्ये मोजतात. एक ग्राउंड म्हणजे साठ बाय चाळीसचा तुकडा, एका घरापुरता. नागोजीरावांनी तेवढाच घेतला होता. घरासाठीच घेतला होता, हे नीट ध्यानात ठेवा, कारण पुढे ते फक्त त्यांच्या बायकोच्याच ध्यानात राहिलं.

झालं असं की तिथला रिवाज होता, विकलेल्या जमिनीत पीक उभं असेल तर घेणाऱ्याने ते निघेपर्यंत थांबायचं. उभ्या पिकात कुदळ घालायची नाही. नागोजीराव थांबले. कापणी झाल्यावर मुनुसामी डोक्यावर भाताचं पोतं घेऊन त्यांच्या भाड्याच्या बिऱ्हाडी आला आणि म्हणाला, "रायर, तुमच्या जमिनीतलं आहे." तिकडे 'राव'ला रायर म्हणतात.

ह्या रायरांच्या आजोबांची कावेरीकाठची शेती वडिलांच्या लहानपणीच गेली होती. रायर स्वतः एग्मोरच्या सरकारी कचेरीत फाइलींना दोऱ्या बांधत आले होते आणि रेशनचा तांदूळ खात आले होते. त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं आणि कोपरापर्यंत हात आत घातला.

"तेव्हांच मला कळलें," कमलाक्का मला सांगायच्या. कमलाक्का म्हणजे त्यांची बायको. "हात बाहेर आला. माणूस आंतच राहिला."

कमलाक्कांना घर हवं होतं. मोठं नव्हे, आपलं. लग्न झाल्यापासून त्या दुसऱ्याच्या घराच्या मागच्या भागात, तिकडच्या भाषेत 'पोर्शन'मध्ये, राहत आल्या होत्या. वयलूरमध्येही आमच्याच गल्लीत एका घरमालकीण मामींच्या घरामागे त्यांचा पोर्शन होता. मामींचे नियम फार. गच्चीवर वडाम, म्हणजे तांदळाचे सांडगे, वाळत घालायचे नाहीत. पाहुणा मुक्कामाला आला तर आधी विचारायचं. आणि उजाडायच्या आत वाटण घाटण करायचं नाही, मामींची झोप मोडते. आता इडलीचं पीठ दगडी रगड्यावर पहाटेच्या शांततेत वाटायचं हा कमलाक्कांचा जन्माचा आनंद. तो मामींनी कुलपात ठेवला होता.

तेव्हा त्यांनी घराची सुरुवात आपल्या परीने केली होती. मैलापूरमध्ये एक जुनं घर पाडत होते, तिथून त्यांनी सागवानी चौकट आणि दोन झडपांचं कोरीव दार आणून पोर्शनच्या पुढच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलं. खोलीत मग आडवं होऊनच चालावं लागे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा आत दुसरी खोली असेल म्हणून ते दार उघडलं. समोर भिंत.

"तें अजून कुठें जात नाहीं," कमलाक्का म्हणाल्या. "आधी ह्यांचें पीक जाऊं दे."

हे पीक जात नव्हतं. दरवर्षी तोच संवाद, आमच्या खिडकीतून ऐकू येणारा.

"घर कधीं बांधायचें?"

"हें पीक निघूं दे."

"मागल्या पिकालाही हेंच म्हणालांत."

"तें निघालें नव्हें? मी खोटें बोललों?"

दरम्यान वयलूर नुसतं उसळत होतं! आज विजेचे खांब, उद्या शाळा, परवा बसथांबा आणखी आत. सकाळी जिथे बगीचा बघून कामाला जावं, तिथे संध्याकाळी विटा. नागोजीरावांच्या खाचराच्या उजवीकडे घर, डावीकडे घर, पुढच्या रस्त्यावर दोन फूट भराव आणि बैलांना खाली यायला उतारच नाही. मागच्या बाजूला आम्ही. एव्हाना आम्ही म्हशीच्या गोठ्याजवळचं ते भाड्याचं घर विकतच घेतलं होतं. मधोमध हिरवागार साठ बाय चाळीस! आणि ऐन आडि महिन्यात, म्हणजे तिकडच्या आषाढात, एका सकाळी आमच्या फाटकाशी नागोजीराव, हात जोडून. मागे मुनुसामी. त्याच्या मागे दोन बैल.

"बाई, जरा वाट द्याल?"

"कुणाला?"

त्यांनी बैलांकडे अशा नजरेने पाहिलं की जणू ओळख करून द्यायची राहिलीच. खाचरात जायला तेवढीच वाट उरली होती. आमचं फाटक, घराच्या बाजूची बोळ, आणि मागचं छोटं दार. मी काय म्हणणार? बैल आले. पहिल्याने माझा कढीपत्ता जाता जाता चाखला. दुसरा स्वयंपाकघराच्या खिडकीशी थांबला आणि फोडणीकडे असा बघत राहिला की माझी सासू आठवली. मग बोळीतल्या दोरीवरचा वसंतचा शर्ट त्याच्या शिंगात अडकला आणि तो शर्टासकट नांगराला जुंपला गेला. वसंत दाढी अर्धी टाकून गच्चीवर धावला.

"राव! शर्ट! ऑफिसचा शर्ट आहे तो!"

"एक फेरा थांबावें," खालून उत्तर आलं. "नांगराचें तास वाकडें होतें."

फेरा झाला, शर्ट आला, बैल गेले. नागोजीरावांनी आमच्या नळावर पाय धुतले, पँट खाली सोडली, पिशवीतून बूट काढून चढवले आणि एग्मोरची बस पकडली. पुढे दरवर्षी हेच. बैलांच्या दिवशी मी दोरी रिकामी ठेवायची एवढाच बदल झाला. हो, आणि कढीपत्त्याला कुंपण.

सगळेच असे हसून घेणारे नव्हते. आमच्या रहिवासी संघाचे सेक्रेटरी शेषाद्री. निवृत्त, इस्त्रीचे, शिस्तीचे. त्यांनी सभा बोलावली. बेडूक रात्रंदिवस ओरडतात, साप निघतात, आणि मुख्य म्हणजे कॉलनीचा दर्जा. "शहराच्या मधोमध भात! नातेवाईक आले की मला विचारतात, तुम्ही राहता कुठे, गावात की शहरात?"

नागोजीराव उठले. "सार, एक शंका. इथें आधीं कोण आलें? बेडूक कीं शेषाद्री?"

"बेडकांनी रस्त्याची वर्गणी भरली आहे का?"

"नाहीं. पण ते रस्ता वापरीतही नाहींत."

टाळ्या पडल्या. शेषाद्रींचे कान लाल. पण पोंगलला नागोजीरावांनी दरवर्षीप्रमाणे घरटी ओंजळ ओंजळ नवा तांदूळ वाटला, शेषाद्रींच्या घरीही. त्या तांदळाचा गोड पोंगल खाताना शेषाद्रींची बायको सगळ्यांदेखत म्हणाली, "दुकानातल्या तांदळाला हा वास कधी येतो का?" त्यानंतर शेषाद्रींची तक्रार चालूच राहिली, पण आवाज उतरला.

अशी वर्षं गेली. पाटावर कुणाची तरी न्हाणी उभी राहिली, तळ्याचं पाणी बंद झालं, तर नागोजीराव पावसाच्या आणि विहिरीच्या भरवशावर पेरू लागले. घरासाठी त्यांनी एकदा चारही कोपऱ्यांत खुंट्या मारल्याही होत्या. त्यांच्यावर दोडक्याचे वेल चढले.

मग मामींचा निरोप आला. मुलाचं लग्न ठरलं आहे, चित्रै, म्हणजे तिकडचा चैत्र, लागायच्या आत पोर्शन रिकामा करा.

"दुसरा पोर्शन पाहूं," नागोजीराव म्हणाले. "यंदाचें पीक तर छान आहे."

आमच्या खिडकीत मी कान लावून उभी. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा कमलाक्कांचं 'घर कधीं बांधायचें?' आलं नाही. मी घाबरले.

कापणी झाली. पोंगल झाला. आणि एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या, शांत, केसांत ताजी मोगऱ्याची वेणी.

"अगे, तुझा मोठा स्टोव्ह दे."

"कधी परत देणार?"

"शुक्रवारीं. गृहप्रवेश आहे. तूं येणारच."

"घर घेतलं? कुठे?"

"कुठें म्हणजे? आमच्या जागेंत."

मी खिडकीतून बघितलं. जागेत भाताची खुंटं उभी होती. कमलाक्कांनी मला सगळं सांगितलं आणि मला इतकं हसू फुटलं, की स्टोव्हबरोबर मी दोन पातेली आणि सतरंजी पण दिली. त्यांनी साऱ्या गल्लीला कुंकू लावून बोलावणं केलं. नवऱ्याला सोडून. नागोजीरावांच्या कानावर गेलं ते बसथांब्यावर, शेषाद्रींकडून.

"अभिनंदन रायर! बांधलंत कधी? मला दिसलंच नाही!"

बसच्या आवाजात नागोजीरावांनी फक्त 'अभिनंदन' ऐकलं आणि त्यांना दुसरा पोर्शन मिळाल्याचं वाटलं. ते 'थँक्यू' म्हणाले आणि कचेरीत गेले.

शुक्रवारी सकाळी खाचराच्या रस्त्याकडच्या अंगाला, खुंटांच्या मधोमध, ते दार उभं होतं. सागवानी चौकट, कोरीव झडपा, वर आंब्याचं तोरण, पुढे शेणाने सारवून काढलेली रांगोळी. मुनुसामी आणि त्याच्या मुलांनी पहाटे चौकट रोवली होती. मागे भिंत नाही, वर छप्पर नाही, डावीकडे उजवीकडे मोकळं रान. नुसतं दार!

भटजी आले आणि चारी बाजूंनी फिरून पुन्हा पुढे आले. "भूमिपूजन करूं ना, अम्मा?"

"गृहप्रवेश."

"पण घर?"

"भूमि आहे. दिशा आहेत. अग्नि आहे. मी आहें," कमलाक्का म्हणाल्या. "भिंती काय, त्या मागाहून येतील."

भटजींनी माझ्याकडे पाहिलं. मी स्टोव्हला पंप मारत होते.

कमलाक्कांनी झडपा उघडल्या, उजवं पाऊल उंबऱ्यात टाकलं आणि दुधाचं पातेलं घेऊन आत गेल्या. आता ऐका, कारण हे मी स्वतः बघितलं आहे. त्यांच्या मागोमाग सगळी गल्ली आत आली, आणि एकही माणूस दाराला वळसा घालून आला नाही. चहूबाजूंनी उघडं शेत, कुठूनही शिरावं, पण बायका-पुरुष रांगेने उभे! चपला बाहेर काढताहेत, उंबऱ्याला हात लावून नमस्कार करताहेत, मागचे म्हणताहेत "जरा सरका, आत गर्दी झाली आहे." शेषाद्रींनी भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ आणलं होतं. ते बगलेत धरून ते भिंत शोधत होते.

नागोजीराव बांधावर पाठ फिरवून उभे होते. हातांची घडी. मान ताठ.

दूध वर आलं. फेस पातेल्याच्या काठावर थरथरला आणि पूर्वेकडे उतू गेला. सगळ्यांनी एकच गलका केला.

"अहो," कमलाक्कांनी हाक मारली. "घरांत येतां कीं पाहुण्यासारखे बाहेरच राहतां?"

एक पाऊल खाली टाकलं असतं तर ते खाचरात, म्हणजे आतच होते. पण नाही. बांधावरून चालत ते रस्त्यावर गेले, रस्त्याने दारासमोर आले, तिथे थांबले. चपला काढल्या. मग त्यांनी मुनुसामीकडे पाहिलं. मुनुसामी आपल्या पायांकडे बघत होता.

"आंत येऊं?" नागोजीरावांनी विचारलं. आवाज अगदी बारीक होता.

"विचारायचें काय त्यांत?"

चौकट जुन्या घराची, बुटकी. त्यांना वाकावं लागलं. वाकले आणि आत आले. कमलाक्कांनी वाटीत दूध दिलं, ते त्यांनी उभ्या उभ्या प्यायलं, आणि हळूच मुनुसामीला बाजूला घेतलं. माझा स्टोव्ह तिथेच होता म्हणून मला ऐकू आलं.

"आडि महिन्यात बैल आणशील ना?"

"नाही रायर."

"इतकी वर्षें आणलेस!"

"दूध उतू गेलं रायर. जिथं दूध उतू गेलं तिथं नांगर घालत नाहीत. माझ्या बापाने घातला नाही. मी घालणार नाही." मग तो म्हणाला, "मी माझं शेत विकताना एवढं थांबलो नव्हतो. तुम्ही थांबलात. आता अम्मांचं घर होऊ द्या."

नागोजीरावांनी वाकून एक खुंट मुळासकट उपटलं, मूळ हातावर झटकलं, माती परत जागेवर टाकली. आणि खुंट कुठे ठेवावं ते न कळून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. त्या दिवशी ते कचेरीत तसेच गेले.

घर झालं. दाराला भिंती आल्या. पाया खणताना नागोजीराव गवंड्यांवर ओरडत होते, "काळी माती वेगळी काढा, मुरमात घालूं नका!" आणि ती माती त्यांनी गल्लीत घरोघरी कुंड्यांसाठी वाटली. चित्रैच्या आत एक खोली आणि स्वयंपाकघर शाकारून झालं तेव्हाच कमलाक्कांनी बिऱ्हाड हलवलं. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी रगडा असा घुमला की शेषाद्रींनी पुन्हा सभा बोलावली. ह्या वेळी कमलाक्का स्वतः गेल्या. सभा फार वेळ चालली नाही.

मग वयलूर वाढतच गेलं. घरांच्या जागी फ्लॅट, सायकलच्या दुकानाच्या जागी बँक, शेवटचा थांबा इतका पुढे सरकला की आमचा थांबा मधलाच झाला. नागोजीराव निवृत्त झाले. व्हरांड्यात बसून पेपर वाचताना दिसायचे, पण पेपरात त्यांचं लक्ष नसे.

नव्वदीच्या दशकात आम्ही वयलूर सोडलं. वसंतची बदली झाली. जायच्या आधी साड्या घ्यायला मी टी. नगरला गेले होते. बसस्टँडवर ही गर्दी, पिशव्या, रिक्षावाले, मोगरा विकणाऱ्या बायका, आणि एका सुटायच्या बेतात असलेल्या बसच्या खिडकीत नागोजीराव! धुवट धोतर, छत्री, चेहरा असा उजळलेला की कुणी नवरदेव वरातीला निघालाय.

"राव! कुठे निघालात?"

"मांबाक्कम!" ते ओरडले. "लांब आहे. तिथें प्लॉट पडताहेत म्हणें. पण पीक अजून उभें आहे!"

त्यांच्या पलीकडच्या सीटवरून कमलाक्का डोकावल्या. "बघायला जातों, घ्यायला नव्हें," त्यांनी मला बजावलं. "मागल्या महिन्यांत एकटे गेले आणि दलालाला घरीं घेऊन आले. म्हणून मी बरोबर. दहींभात बांधला आहे."

"आणि आवडलं तर, अक्का?"

"आवडलें तर बांधावर बसून दहींभात खाऊं आणि घरीं येऊं."

कंडक्टरने शिटी मारली. बस हलली तसे नागोजीराव कमरेपर्यंत खिडकीबाहेर आले आणि सगळ्या टी. नगरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "बाई, तिथें बगळे आहेत! शेंकड्यानें! अस्कं पांढरें!"

आतून कमलाक्कांनी त्यांच्या सदऱ्याचं मागचं टोक घट्ट मुठीत धरलं होतं. आणि त्यांच्या खांद्यावरून त्याही मान लांब करून, बस जिकडे निघाली होती तिकडे, बघत होत्या.